धाकटीच्या पायांवर नजर

लेकरू कितव्या महिन्यात मान धरतं, कधी बसतं, कधी धरून चालतं आणि कधी सोडून चालतं, हे मला कधीही विचारा. तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या एका गावात मी चौदा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या नव्या आया मला जरा दबकूनच असतात, कारण मी बोलायला फटकळ. "अवो, लेकराचं वजन घटून राहिलं आन् तू बिस्किटं काय चारून राहिली त्याले?" असं चारचौघींत सुनावायला मी मागेपुढे पाहत नाही.

अशा या शहाण्या बाईची स्वतःची थोरली मुलगी चालायची थांबत होती, आणि या शहाण्या बाईनं तिच्या नावापुढे सलग तीन महिने 'चालते' असं भरलं. हे मी कोणापासून लपवत नाही. महिनाअखेरीला तीस-पस्तीस लेकरांची माहिती मोबाइलमध्ये भरायची असते. ज्यांची काळजी वाटते त्यांच्या घरी आम्ही जातो, तोलतो, मोजतो. बाकीच्यांचं मागच्या महिन्याचं पाहून भरून टाकतो. सगळ्याच तसं करतात, कबूल कोणी करणार नाही. थोरली तेराव्या महिन्यात चालली होती, अंगानं गुटगुटीत होती, आणि माझी होती. तिचं काय पाहायचं, असं मला वाटायचं.

दीड वर्षाची झाल्यावर ती टाचा उचलून चालायला लागली. आम्ही हसायचो. "पाहा वो, कशी ठुमकून राहिली," असं तिचा बाप शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. मग ती पडायला लागली. मग उभं केलं की मटकन खाली बसायची आणि रडायची. पाय लाकडासारखे ताठ. पाणी, मामा, दे, असे पाच-सात शब्द बोलत होती, तेही एकेक करून गेले. त्या दिवसांत मी दुपारी गावातल्या बायांना सांगत होते, लेकराचं बोलणं-चालणं मागे गेलं तर ताबडतोब दवाखान्यात दाखवा. आणि घरी येऊन पोरीच्या पायांना तेल चोळत होते. जीव जाळणारी गोष्ट आहे ही.

तिरोडा झालं, गोंदिया झालं, शेवटी नागपूर. तिथं डोक्याचा एमआरआय काढला, रक्त बाहेर कुठं कुठं पाठवलं, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. शरीरातल्या पेशींमध्ये रोज कचरा तयार होतो, तो साफ करणारे पदार्थ शरीर स्वतःच बनवतं. हिच्या शरीरात त्यातला एक जन्मापासून बनतच नाही. म्हणून कचरा साचत जातो आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होत जातं. माझा नवरा राइस मिलमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, "म्हणजे कोंडा बाहेर निघूनच नाही राहिला, मॅडम. आतच भरून राहिला आन् मशीन जाम." त्या म्हणाल्या, अगदी तसंच. पुढं कोंडा काढता येईल का, हे त्याला विचारायचं होतं. त्यांनीच सांगितलं, इतकं पुढं गेल्यावर आता काही करता येणार नाही.

सोबत माझी सासू होती. ती माझी सख्खी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण. आमच्यात भावाची मुलगी हौसेनं सून करून आणतात, मलाही आत्यानं तशीच आणली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तिला आत्याच म्हणते. तिनं डॉक्टरीणबाईंना थेट विचारलं, "हे कोणाकडून आलं?" त्या म्हणाल्या, दोघांकडून. आईकडून अर्धा दोष, बापाकडून अर्धा. एकेकटा असला तर काही होत नाही, दोन्ही एकत्र आले की आजार. नागपूरहून आम्ही गाडीनं तिरोड्याला परतलो. स्टेशनबाहेर ऑटोत बसल्यावर आत्या म्हणाली, "माह्या माहेरचं रगत मीच माह्या घरी आनलं." त्यानंतर तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

पण खरी भीती दुसरीच होती. तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते. डॉक्टरीणबाई बोलताबोलता माझ्या पोटाकडे पाहायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. मी म्हटलं, "बोला मॅडम, मी भिणारी नाही." खोटं होतं ते. त्या म्हणाल्या, प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा हा आजार येऊ शकतो. जन्मल्याबरोबर रक्त तपासू.

धाकटी जन्मली. काळेभोर जावळ, दूध ओढायला जोरकस, रडली की अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल. तिचा रिपोर्ट आला तेव्हा ती माझ्या मांडीवर हसत होती. तिलाही तोच आजार होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. थोरलीसाठी उपाय नव्हता, पण धाकटीसाठी होता. अट एकच, आजाराची कुठलीही खूण दिसायच्या आत तो करायचा. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात असा उपचार संशोधन म्हणून चालू होता. लेकराच्या स्वतःच्या रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात चांगला जीन घालायचा, आणि त्या परत अंगात सोडायच्या. त्या पेशींमधल्या काही मेंदूपर्यंत पोचतात आणि जो पदार्थ बनत नव्हता तो बनवायला लागतात. पण एकदा आजारानं नसा खायला सुरुवात केली की हे उपयोगाचं नाही. तिथले डॉक्टर आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी साफ सांगितलं, लक्षण दिसलं तर आम्ही घेणार नाही, कारण मग लेकराचे हाल सगळे होतील आणि हाती काही लागणार नाही.

हाल कोणते ते त्यांनी कागदावर लिहूनच दिलं होतं. आधी कॅन्सरच्या रोग्यांना देतात तसली औषधं देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करायचा. केस जाणार, तोंड सोलून निघणार, जंतूंचा धोका म्हणून कित्येक आठवडे बंद खोलीत राहायचं. पुढं तिला मूल होईल की नाही याचीही खात्री नाही. मी विचारलं, नवा जीन पेशीत जातो कसा? ते म्हणाले, एका विषाणूत बसवून पाठवतो. कोणत्या विषाणूत? त्यांनी लपवलं नाही. एचआयव्हीपासून बनवलेला, म्हणाले. आजार करणारं सगळं त्यातून काढून टाकलेलं असतं, नुसतं वाहून न्यायचं काम तेवढं करतो.

बापा रे! गावातल्या एकेका गरोदर बाईला हाताला धरून मी एचआयव्हीची तपासणी करायला नेते. त्या नावाला गाव किती भितं, ते मला ठाऊक आहे. नवऱ्याच्या चेहऱ्याचा तर रंगच उडाला. आम्ही दोघांनी तीन दिवस तो कागद उलटसुलट वाचला, तिथल्या नर्सकडून पुन्हा वाचून घेतला, आणि सह्या केल्या. गावात मात्र 'पोरीच्या रक्ताचा उपचार' एवढंच सांगितलं. विषाणूचं फक्त आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "घरात एक बिमार हाये, आता चांगल्या पोरीलेही बिमार करून आनता का?" तिचं चूक नव्हतं. धाकटी त्या वेळी खाटेला टेकून उभी होती आणि आमच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती. तिला पाहून कोणीही तेच म्हटलं असतं.

आम्हाला तारीख मिळाली ती पाच महिन्यांनंतरची. तोवर दर सोमवारी हॉस्पिटलातल्या बाईंचा मोबाइलवर मेसेज यायचा. बाळात काही बदल? चालणं, पकडणं, गिळणं, पाहणं? मी लिहायची, काही बदल नाही.

त्या पाच महिन्यांत मी माणूस राहिले नव्हते. सकाळी उठल्यापासून माझी नजर तिच्या पायांवर. टाच टेकते का? बोटं वळतात का? भाकरी थापताना मान वळवून पाहायची, हाताला चटका बसायचा. ती बसली की उभी करायची, उभी राहिली की चालवायची. पोर वैतागायची. नवरा म्हणायचा, "खेळू दे ना तिले, कायले दरोगा बनून बसलीस?" आणि मग तोही मिलमधून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तिच्या पावलांना बोटं लावून पाहायचा. अकराव्या महिन्यात ती चालली. लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा घरात काय आनंद असतो! आमच्या घरात कोणी टाळी वाजवली नाही. आम्ही तिघंही नुसते पाहत राहिलो.

तारखेला महिना-सव्वा महिना उरला होता. गावाला जायचं म्हणून नवऱ्यानं तिरोड्याच्या बाजारातून धाकटीसाठी बूट आणले, लाल, पट्टीचे. ते घालून ती अंगणात चालली आणि डावा पाय अडखळून पडली. उठली, चालली, पुन्हा डावाच पाय ओढला गेला. दुसऱ्या दिवशी तेच. मी तिला खाली बसवलं, पाय हातात घेतला. मला तो ताठ वाटला. खरंच ताठ होता की भीतीनं मला तसा भासला, आज सांगता येणार नाही. थोरलीही आधी डाव्याच पायानं पडली होती.

सोमवारी मेसेज आला. मी लिहिलं, काही बदल नाही.

हो, लिहिलं. सगळं डोळ्यांनी पाहून, जाणूनबुजून लिहिलं. थोरलीच्या वेळी न पाहता लिहिलं होतं, त्याची निदान लाज तरी वाटत होती. या वेळी लाजही वाटली नाही, फक्त भीती वाटली. कळवलं तर नाव काढून टाकतील, आणि पोरगी गेली. न कळवलं आणि खरंच आजार सुरू झाला असला, तर औषधं देऊन तिचं आतलं सगळं रिकामं करतील, ती तळमळेल, आणि तरी जाईलच. दोन्हीकडून पोर माझ्या हातून निसटत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो खेकसला, "नवी नवी चालून राहिली, पडनच ना! काही सांगू नको तिकडं." त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून मी भांडले नाही. पुढच्या सोमवारीही मी तेच लिहिलं.

आत्यापासून मात्र लपलं नाही. ती थोरलीला मांडीवर घेऊन पातळ पेज भरवत होती. एक चमचा जायला दोन-तीन मिनिटं लागायची, नाहीतर ठसका लागायचा. तिनं मान वर न करता विचारलं, "लहानीच्या पायाचं कळवलंस का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "काऊन?" मी म्हटलं, घेणार नाहीत ना आत्या तिला. आत्यानं चमचा खाली ठेवला. "नाई घेतलं त नाई घेतलं. पन उगाच जहर पाजून आनू नको माह्या नातीले. तुले जे दिसून राहिलं ते डॉक्टरले सांग, मंग तो काय करन ते करन."

मी तिथंच फोन लावला. बोलताना माझी हिंदी अडखळली, दोन सोमवार खोटं लिहिलं हेही सांगून टाकलं. पलीकडच्या बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, तारखेची वाट पाहू नका, उद्याच निघा.

तिथं पोचलो तेव्हा धाकटीच्या पायात तेच लाल बूट होते. डॉक्टरांनी तिला चालवलं. डावा पाय अडखळला. ते खाली वाकले, बुटाच्या पुढच्या टोकाला दाबून पाहिलं आणि बूट काढला. आतून चिंधीचा बोळा निघाला. वाढत्या पायाचं लेकरू म्हणून नवऱ्यानं दोन मापं मोठे बूट घेतले होते आणि पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. आमच्याकडे सगळ्याच लेकरांचं सगळंच वाढत्या मापाचं घेतात. डाव्यातला बोळा सरकून पावलाखाली येत होता, आणि अनवाणी चालताना ती पडते का हे आम्ही दोघांनी वेगळं पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी तिला अनवाणी सोडली. पोरगी गलरीत सरळ पळत गेली आणि टोकाला जाऊन हसली. मी फरशीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. नवरा तो बोळा हातात धरून उभा होता. "मीच घातला होता," एवढंच तो म्हणत राहिला.

डॉक्टर मात्र हसत नव्हते. आलाच आहात तर तपासण्या करून घेऊ, म्हणाले. पायांना पट्ट्या लावून नसांमधून छोटे छोटे झटके सोडतात, नस किती वेगानं काम करते ते पाहायला. निकाल आल्यावर त्यांनी आम्हाला बसवलं. चालण्यात काही दोष नाही. पण आतल्या नसांचा वेग मागच्या खेपेपेक्षा कमी झाला आहे. बाहेरून दिसत नाही, तरी आत सुरुवात होऊ घातली आहे. आज आम्ही हिला घेऊ शकतो. ठरलेल्या तारखेला घेऊ शकलो असतो की नाही, सांगता येत नाही. म्हणून आता घरी जाऊ नका, इथूनच सुरू करू.

आम्ही चार दिवसांचे कपडे घेऊन गेलो होतो. थोरलीला मी 'येतेच' म्हणून निघाले होते.

पुढचे चार महिने मी त्या शहरात काढले. नवऱ्याला मिलच्या कामासाठी मध्ये परतावं लागलं. तो तिरोड्यात मिलवरच राहायचा आणि घरचं आत्याला फोनवर विचारून 'ठीक हाये' एवढंच सांगायचा. पेशी काढल्या, त्या तयार होऊन येईस्तोवर वाट पाहिली, मग औषधं सुरू झाली. मूठभर जावळ उशीवर राहिलं. तोंडात फोड, पाणी गिळायला दिलं तरी माझ्याकडे अशी पाहायची की हिनंच मला हे केलं. आणि मीच केलं होतं. पेशी परत दिल्या त्या एका छोट्याशा पिशवीतून, अर्ध्या तासात संपल्या. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. नर्सनं पिशवी काढून नेली आणि आम्ही पुन्हा तापाच्या आकड्यांकडे पाहत बसलो. एकदा ताप तीन दिवस उतरला नाही. तेव्हा मी आपली आपल्याशीच बडबडत होते, चांगल्या पोरीला मारायला आणलं मी.

बंद खोलीतून मी आत्याला फोन लावायची. व्हिडिओवर थोरलीला दाखव म्हणायची. आत्या दाखवायची, थोरली झोपलेली असायची. "आत्ताच डोळा लागला तिचा," म्हणायची. मला बरं वाटायचं.

धाकटी आता साडेतीन वर्षांची आहे. पळते, भांडते, मला उलट उत्तरं देते. दर सहा महिन्यांनी आम्ही जातो, आणि डॉक्टर 'अजून ठीक आहे' म्हणतात. बरी झाली असं ते म्हणत नाहीत, मीही विचारत नाही. ती आजही ठेच लागून पडली की माझा जीव उडतो. थोरली आहे. नळीवाटे खाते.

चार महिन्यांनी आम्ही परत आलो तो दिवस मात्र मला सांगितलाच पाहिजे. मी दारातूनच थोरलीला हाक मारली. तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, पण माझा आवाज आला की तिचे डोळे माझ्याकडे वळायचे. एवढंच एक तिच्याजवळ उरलं होतं आणि ते माझ्यासाठी होतं. मी पुन्हा हाक मारली. जवळ गेले. तिचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. गालाला हात लावला, तरी तसेच.

मी आत्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"धान कापायच्या टायमापासून," आत्या म्हणाली. "कोनाकडंच नाई पाहत आता. ऐकूही नाई येत वाटते."

म्हणजे तीन महिने. तीन महिने ती थोरलीचे डोळे मिटायची वाट पाहायची आणि मगच माझा फोन उचलायची. मी किंचाळले. आयुष्यात आत्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला. "कायले लपवलंस? माझी पोरगी होती ना ती!"

आत्या जागची हलली नाही. "सांगतलं असतं त तू धावत आली असतीस."

"आलेच असते!"

"आन् लहानी?"

धाकटी तोवर खाटेवर चढून थोरलीच्या शेजारी जाऊन बसली होती. आत्यानं केलं ते बरोबरच होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि तरी मी तिला अजून माफ केलेलं नाही.